सीफोर्थचा अर्ल आणि त्याचीं लेंकरें

शेतकरी व कारागीर बंधूंनो, आज एका स्कॉच सरदाराची हकीकत तुमच्यापुढें ठेवतों. तुम्ही म्हणाल, आमच्या उंबऱ्यावरचें देणें काय थोडें आहे म्हणून हा सातासमुद्रापलीकडचा सरदार घरांत आणतां? पण जरा थांबा. या सरदाराची पलटण मद्रासेच्या किनाऱ्यावर उतरली, त्याचा वारस आपल्या विजयदुर्गास मरण पावला, आणि त्याच घराण्यानें उभी केलेली दुसरी पलटण आजच्या जालना जिल्ह्यांतल्या असईच्या शिवारांत शिंदे-भोसल्यांवर चालून गेली. म्हणजे पाहुणा अगदींच अनोळखी नाहीं.

आमचा वाद त्याच्या कुळीशीं नाहीं, त्याच्या चरित्राशीं आहे. घराण्याच्या आणि पलटणीच्या इतिहासांत केनेथ मॅकेन्झी, सीफोर्थचा अर्ल, हा मोठा रसिक व राजनिष्ठ म्हणून मिरवतो. ज्या शिपायांच्या जिवावर त्याला सेनापतीपण मिळालें ते मात्र 'रानटी मॅक्रे' म्हणून ओळखले जातात. त्यांनीं केलें काय? कबूल झालेला पैसा मागितला, आणि तो हातांत पडेपर्यंत जहाजावर पाऊल ठेवणार नाहीं म्हणाले. या प्रकरणांत शब्दाला जागणारी एकच बाजू होती आणि ती अर्लची नव्हती, असें आमचें म्हणणें आहे. तें आम्ही सालवार मांडतों. पटलें तर घ्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगरी मुलखाला हायलंड म्हणतात. तेथें एकेका मुख्याभोंवतीं लोकांचे जथे असत. जथ्याला त्यांच्या गेलिक भाषेंत 'क्लॅन' म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळीं 'लेंकरें'. मुख्य तो बाप आणि गांवोगांवचे कुणबी, गुराखी, कोष्टी, लोहार हीं त्याचीं लेंकरें. बापानें हांक मारली कीं लेंकरांनीं तरवार घेऊन निघावें. त्याबदल्यांत बापानें लेंकरांच्या बुडाखालची जमीन राखावी. हा करार कोठें लिहिलेला नव्हता. राजाकडून आलेली सनद मात्र लिहिलेली होती, आणि तिच्यावर नांव एकट्या बापाचें! तोंडचा करार कुळांनीं पाळावा आणि लेखी सनद धन्यानें वापरावी, असा तो खाक्या.

मॅकेन्झींच्या मुलखांत किंटेल नांवाचें एक खोरें आहे. तेथील मॅक्रे लोक धन्यासाठीं इतके वेळां आडवे पडले कीं त्यांना 'मॅकेन्झींचें चिलखत' असें नांव पडलें. चिलखत म्हणजे काय, हें सांगावयास नको. घाव त्यानें खावा आणि अंग दुसऱ्याचें वांचावें.

या निष्ठेचा एक दाखला ऐका. आपल्या केनेथचा आजोबा विल्यम, पांचवा अर्ल, हा १७१५ सालीं पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूनें बंडांत उतरला आणि हरला. सरकारनें पदवी काढून घेतली, इस्टेट जप्त केली. स्वारी परदेशीं निघून गेली. कुळांना तेव्हां काय सोपें होतें? सरकारी कारभाऱ्याला खंड द्यावा आणि मोकळें व्हावें. पण नाहीं. डोनाल्ड मर्चिसन नांवाच्या माणसाच्या हातीं त्यांनीं वर्षानुवर्षें खंड दिला आणि त्यानें तो परमुलखांत बसलेल्या धन्याला पोंचता केला. १७२१ सालीं सरकारी माणसें शिपाई घेऊन वसुलीस निघालीं, तेव्हां या लोकांनीं त्यांना डोंगरवाटेंत गोळ्या घालून परत फिरविलें. आजोबानें राजावर हत्यार उपसलें, तरी पुढें १७२६ त त्याला माफी मिळाली आणि पुस्तकांत तो 'ध्येयनिष्ठ' ठरला. हें ध्यानांत ठेवा, कारण नातवाच्या शिपायांना पुस्तकांनीं तो मान दिलेला नाहीं.

नातू केनेथ १७४४ सालीं एडिंबरोस जन्मला. गेलेली पदवी परत मिळविणें हा त्याच्या आयुष्याचा पहिला उद्योग, आणि ती टापटिपीनें मिरविणें हा दुसरा. १७६६ त व्हायकाउंट आणि १७७१ त अर्ल अशा दोन पायऱ्या तो चढला. त्याही आयर्लंडच्या सरदारांच्या यादींतल्या, कारण जुनी स्कॉच पदवी कांहीं परत मिळाली नाहीं. मध्यंतरीं पार्लमेंटांतही बसून आला. आणि १७७० च्या सुमारास इटलींतील नेपल्स शहरांत त्यानें बिऱ्हाड केलें. त्या बिऱ्हाडांतल्या गाण्याच्या बैठकीचें एक चित्र पिएत्रो फाब्रिस नांवाच्या चिताऱ्यानें १७७१ सालीं काढलें. तें आजही एडिंबरोच्या सरकारी चित्रसंग्रहांत आहे. त्यांत वाजविणाऱ्यांत एक पोरसवदा मुलगा दिसतो, तो जगप्रसिद्ध मोझार्ट असावा असें जाणते सांगतात. असेलही. आम्हांला संगीताचें वांकडें नाहीं. पण ओटची भाकरी खाऊन राहणाऱ्या किंटेलच्या बाईनें बैल विकून जो खंड भरला, त्यावर ही सारंगी वाजत होती एवढें चित्राखालच्या पाटीवर कोणी लिहीत नाहीं, म्हणून तें आम्ही येथें लिहितों.

अशा राहणीचा शेवट तुम्ही-आम्ही जाणतों. इस्टेट गहाणांत रुतली.

आतां पलटणीकडे या. अमेरिकेंतल्या वसाहतींनीं इंग्रजांविरुद्ध लढा मांडला होता आणि राजाला माणसें हवीं होतीं. पदवी दिल्याच्या उपकाराची फेड म्हणून अर्लानें एक पलटण उभी करून देण्याचें कबूल केलें. उपकार अर्लावर, फेड कुळांच्या पोरांनीं करावयाची! त्या काळीं हायलंडांत जमीनदारांची सर्रास रीत अशी कीं, ज्या घरानें पोरगा भरतीस दिला त्याच्याकडे जमीन राहील, न देईल त्याचा भरंवसा नाहीं. १७७८ च्या मे महिन्यांत एल्गिन गांवीं ११३० माणसांची पलटण तयार झाली. त्यांतले सुमारें ५०० अर्लच्या खुद्द इस्टेटींतले, बरेचसे त्याच्या भाऊबंद मॅकेन्झींच्या जमिनींवरले, आणि मॅक्रे तर इतके कीं पलटणीला त्यांचेंच नांव पडलें. सरकारी क्रमांक ७८. पुढें १७८६ त तो बदलून ७२ झाला. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हतें आणि लष्करचे कायदे इंग्रजींत. आंगठा कशावर उठला हें ज्याचें त्याला ठाऊक.

सप्टेंबर १७७८ त त्यांना लीथ बंदरावर आणलें, कारण जहाजें तयार होतीं. शिपायांनीं विचारलें, भरतीच्या वेळीं कबूल केलेली रक्कम कोठें आहे? थकलेला पगार कोठें आहे? आणि एक कुजबूज पलटणभर पसरली होती: आपल्याला ईस्ट इंडिया कंपनीला विकलें आहे, एकदां जहाजांत भरलें कीं आपले अधिकारी किनाऱ्यावर राहतील आणि आपण हिंदुस्थानांत. उत्तर धड मिळेना. तेव्हां ता. २२ सप्टेंबरास कित्येक शें शिपाई रांगेंतून फिरले. बंदुका खांद्यावर घेतल्या, निशाण नव्हतें म्हणून दोन घोंगडीं काठ्यांना बांधलीं, पिशवीची सनई वाजवीत ते एडिंबरो शहराला लागून असलेल्या आर्थर्स सीट या डोंगरावर चढले आणि तेथें ठाण मांडून बसले.

लष्करी कायद्यानें हा देहान्त शिक्षेचा गुन्हा. धमकी पोकळ नव्हती. पुढच्याच वर्षीं एप्रिलांत याच लीथ बंदरावर दुसऱ्या हायलंडी रंगरुटांनीं परक्या पलटणींत जाण्यास नकार दिला, तेव्हां गोळीबार झाला आणि प्रेतें पडलीं. मॅक्रे लोकांना हा धोका कळत होता. तरी ते डोंगरावर राहिले, चौक्यापहारे बसविले, आणि एडिंबरोच्या गरीब लोकांनीं त्यांना वर अन्न पोंचविलें. 'रानटी' म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतों: लुटारूंची टोळी डोंगरावर बसली असती तर खालच्या शहरानें दारांना अडसर घातले असते, कीं भाकऱ्या बांधून दिल्या असत्या?

मग बोलणीं सुरू झालीं. बक्ल्यूचा ड्यूक, डनमोरचा अर्ल, असे मोठमोठे सरदार डोंगर चढून गेले. कुळांच्या दारीं सरदारांनीं चालत जाण्याचा प्रसंग रोज येत नाहीं. अटी ठरल्या त्या अशा: झाल्या प्रकाराबद्दल सर्वांस माफी, जहाजावर चढण्यापूर्वीं भरतीची रक्कम व बाकी चुकती, आणि पलटण हिंदुस्थानांत धाडावयाची नाहीं. तो लेख सह्यांनिशीं हातीं आल्यावर शिपाई रांग धरून खालीं उतरले आणि मुकाट्यानें जहाजांवर चढले. त्यांनीं शब्द पाळला.

सरकारी चौकशी बसली. तिनें निर्णय दिला कीं अधिकाऱ्यांचा कांहीं दोष नाहीं, पगाराची तक्रार बिनबुडाची आणि कंपनीला विकल्याची गोष्ट ही निव्वळ आवई. छान! तक्रार बिनबुडाची होती तर बाकी चुकती करण्याची अट कशाला घातली? पण चौकशीच्या कागदाला हा प्रश्न कोणी विचारीत नसतें.

आणि आवईचें म्हणाल तर पुढचीं दोन सालें पाहा. पहिलें साल १७७९. अर्लानें सारी इस्टेट आपला चुलतभाऊ थॉमस मॅकेन्झी-हंबरस्टन याला १,००,००० पौंडांस विकली. म्हणजे मॅक्रे शिपाई चॅनेल बेटांवर अर्लच्या नांवाची पलटण राखीत होते, तेव्हां त्यांच्या आईबापांच्या पायांखालची जमीन अर्लानें बाजारांत काढली होती. 'माणसें विकलीं' ही आवई असेल, माणसांसकट खोरीं विकलीं ही तर खरेदीखताची गोष्ट आहे! कोणी म्हणेल, घरांतल्या घरांत व्यवहार झाला, परक्याला थोडीच गेली? अहो, घेणाऱ्यानें एक लाख पौंड मोजले किंवा अंगावर घेतले ते कोठून वसूल व्हावयाचे? त्याचें उत्तर प्रत्येक कुळाला तोंडपाठ आहे.

दुसरें साल १७८१. ता. १२ जूनला तीच पलटण पोर्टस्मथ बंदरांतून जहाजांत बसवून काढली. कोठें? हिंदुस्थानांत! जेथें धाडणार नाहीं म्हणून सरदारांनीं लेख लिहून दिला, तेथेंच. त्यांना कंपनीच्या मदतीला, हैदरअल्लीच्या लढाईसाठीं पाठविलें. तीन वर्षांपूर्वीं ज्या गोष्टीला आवई म्हटलें ती अशी उभी राहिली, फक्त या वेळीं जवळ डोंगर नव्हता.

प्रवास जवळजवळ दहा महिने चालला. जहाजांत रक्तपिती पसरली. खारें मांस आणि वाळलेलीं बिस्किटें यांवर महिनेमहिने राहिलें म्हणजे हिरड्या सुजून दांत हलतात, जुने व्रण उघडतात, माणूस बसल्या जागीं मरतो. तो हा रोग. त्याला औषध काय? लिंबू किंवा नारिंग. जेम्स लिंड या एडिंबरोच्याच डॉक्टरानें १७४७ सालीं आजारी खलाशांवर तें अजमावून पाहिलें होतें आणि १७५३ त ग्रंथ छापला होता. इंग्रजी आरमारांत लिंबाचा रस नियमानें देऊं लागले १७९५ त. मधल्या बेचाळीस वर्षांत जे मेले त्यांत ही पलटण आहे. ता. २ एप्रिल १७८२ ला मद्रास दिसलें तोंवर २४७ माणसें समुद्रांत टाकलीं गेलीं होतीं. उरलेल्यांपैकीं हत्यार धरून उभे राहतील असे होते अवघे ३६९. हे निघाले होते सुमारें ११०० !

अर्लही त्याच प्रवासांत, ऑगस्ट १७८१ मध्यें, सेंट हेलेना बेट गांठण्यापूर्वीं वारला. त्याचे भाट येथें डोळे पुसतात आणि म्हणतात, पाहा, सेनापती आपल्या माणसांबरोबर गेला आणि मेला. आम्ही खोटें बोलणार नाहीं. तो लंडनांत बसून राहिला असता तर त्याला कोणी ओढून नेणार नव्हतें. तो गेला, हें त्याच्या बाजूचें आहे. परंतु अर्ल आपल्या पदवीची फेड करावयास गेला. २४७ जणांवर कोणती पदवी होती? त्यांच्याजवळ एक कागद होता, हिंदुस्थानांत धाडणार नाहीं म्हणून लिहिलेला, आणि तो मोडूनच त्यांना नेलें होतें.

पलटण आतां त्या खरेदीदार चुलतभावाच्या हातीं आली. तो मलबारांत लढत होताच. एप्रिल १७८३ त मुंबईहून 'रेंजर' जहाजांतून दक्षिणेकडे जातांना मराठी आरमारानें त्यांना विजयदुर्गाजवळ गांठलें. सालबाईचा तह झालेला होता. पण तहाची बातमी आरमारास नव्हती म्हणतात. तुंबळ लढाई झाली. थॉमस मॅकेन्झी-हंबरस्टन जखमी होऊन हातीं लागला आणि विजयदुर्गास त्याच महिन्याच्या शेवटीं मेला. एक लाखाची इस्टेट चार वर्षांत दुसऱ्यांदा बिनधन्याची झाली.

ती गेली त्याचा धाकटा भाऊ फ्रान्सिस याजकडे. हा लहानपणीं तापानें बहिरा झालेला, हुशार माणूस. मेंढपाळांना जमीन देण्यासाठीं कुळें हांकलून लावण्याच्या कामीं तो शेजारच्या जमीनदारांइतका निर्दय नव्हता, हेंही सांगितलें पाहिजे. पण पलटणीची हौस त्यालाही होती. १७९३ त त्यानें नव्यानें ७८ क्रमांकाची पलटण उभी केली. आणि तीच पलटण ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं कैलना नदी उतरून असईच्या मैदानांत वेलस्लीच्या हाताखालीं लढली. तिच्या निशाणावर 'असई' हा शब्द आणि हत्तीचें चित्र चढलें. ल्युइस बेटावरचा कुळवाड्याचा पोर आणि शिंद्यांच्या कवायती पलटणींतला कुळवाड्याचा पोर, दोघांनीं एकमेकांचें काय घेतलें होतें?

फ्रान्सिसला १७९७ त लॉर्ड केलें, पुढें बार्बाडोस बेटाचा गव्हर्नर नेमलें. तेथें गुलामाचा खून केला तर गोऱ्याला दंड भरून सुटतां येत असे. फ्रान्सिसनें मळेवाल्यांशीं भांडून १८०५ त त्याला देहान्त शिक्षा लावणारा कायदा करविला. हें चांगलें केलें. पण दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर बर्बिस येथें त्याचे स्वतःचे मळे होते, गुलामांच्या कष्टावर चालणारे, आणि त्यांतल्या एका मळ्याचें नांव त्यानें ठेवलें होतें 'किंटेल'! घरचें किंटेल कर्जापायीं तुकड्यातुकड्यानें सुटूं लागलें होतें. लॉक-अल्शचा भाग १८०१ तच विकला गेला. चारही मुलगे बापादेखत गेले, आणि १८१५ त तोही गेला.

येथें एक मौजेची गोष्ट. या घराण्याचा निर्वंश होणार, शेवटचा धनी बहिरा-मुका असणार, असें कोणा द्रष्ट्यानें दीडशें वर्षें आधीं सांगून ठेवलें होतें म्हणे. हें भविष्य पुस्तकरूपानें छापून प्रसिद्ध झालें केव्हां? १८७७ सालीं, निर्वंश होऊन बासष्ट वर्षें उलटल्यावर! आमच्या पंचांगवाल्यांनीं यांच्याकडून शिकावें. इस्टेट बुडाली ती गहाणखतांनीं. दोष मात्र एका मेलेल्या द्रष्ट्याच्या शापावर. कर्ज काढणारा सुटला, व्याज भरणारें कूळ हात जोडून बसलें.

उरलेलें लवकर सांगतों. ल्युइस बेट १८४४ त १,९०,००० पौंडांस विकलें गेलें, जेम्स मॅथेसन याला. हा चीनला अफू विकून गबर झालेला व्यापारी. माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरांतून जात असे ती याच धंद्यांत. त्यानें १८५१ ते १८५५ या काळांत बेटावरचीं सतराशेंहून अधिक माणसें जहाजांत घालून कानडांत धाडलीं. भाडें त्यानें भरलें म्हणून त्यालाही उदार म्हणतात.

आणि किंटेल? मॅक्रे लोकांच्या त्या खोऱ्यांत प्रथम मेंढ्या आल्या, आणि पुढें मेंढ्यांहूनही जास्त पैसा शिकारीचा म्हणून हरणें आलीं. १८८० च्या पुढें विनन्स नांवाच्या अमेरिकन कोट्यधीशानें त्या भागांतलें दोन लाख एकरांहून अधिक रान हरणांच्या शिकारीसाठीं भाड्यानें घेतलें. त्या रानाच्या कडेला रस्त्यालगत मर्डो मॅक्रे नांवाचा जोडे शिवणारा एक गरीब माणूस झोंपडींत राहत असे. त्याच्या पोरांनीं एक कोकरूं पाळलें होतें. तें चरतां चरतां दोन लाख एकरांच्या हद्दींत चार पावलें गेलें. विनन्सनें कोर्टांत दावा लावला, कीं या माणसाला आमच्या रानांत जनावर सोडण्याची कायमची मनाई व्हावी.

दावा एडिंबरोच्या वरिष्ठ कोर्टापर्यंत चालला. ज्या डोंगरावर मॅक्रे शिपाई घोंगडीं फडकावून बसले होते, तो या कोर्टापासून हांकेच्या अंतरावर. १८८५ सालीं न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, ज्या रानाला कुंपण नाहीं त्यांत एक पाळीव कोकरूं शिरलें म्हणून मनाई हुकूम देतां येत नाहीं. लक्षाधीश हरला, जोडे शिवणारा जिंकला. दावा सालभर चालल्यामुळें तोंवर कोकराची चांगली मेंढी झाली असेल.